तडजोडीचा आकडा सांगताना हिशेबही द्या: विमा कंपन्यांच्या दावे अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मोटार अपघात दावे हाताळणारे सर्व विमा कंपन्यांचे नियुक्त अधिकारी व नोडल अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रस्त्यावरच्या अपघातात हातपाय मोडलेली, मणक्याला किंवा डोक्याला मार लागलेली माणसे माझ्याकडे येतात ती प्लास्टर निघाल्यावर, रॉड-प्लेट बसल्यावर. सर्जनचे काम तोवर बरेचसे उरकलेले असते आणि पेशंटचे स्वतःचे सुरू होत असते. व्यायाम घेताना पेशंट बराच वेळ शेजारी असतो. घरचे, कामाचे, पैशाचे सगळे विषय निघतात. अपघाताच्या पेशंटकडून एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, कंपनीवाले एवढे देतो म्हणतायत. घेऊ का?"

मला उत्तर देता येत नाही. वकील नसल्यामुळे तर नाहीच, पण वकिलालाही ते देता येऊ नये अशी स्थिती असते, कारण पेशंटच्या हातात फक्त एक आकडा असतो. फोनवर कळलेला, नाहीतर लोकअदालतीच्या दिवशी टेबलाशी उभे असताना कानावर पडलेला. कमाई किती धरली, अपंगत्व किती धरले, पुढच्या ऑपरेशनचे काही धरले की नाही, याचा एकही कागद नसतो. तो कागद मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

आधीच सांगते, मी तडजोडीच्या बाजूची आहे. कोर्टात वर्षानुवर्षे लढा असे मी कोणालाही सांगत नाही. दावा लांबला की काय होते ते मी जवळून पाहते. पैसे संपले की सगळ्यात आधी फिजिओ बंद होते. औषध बंद केले तर दुखते, म्हणून ते कसेबसे चालू राहते. व्यायाम बंद केला तर त्या दिवशी काहीच होत नाही, पुढच्या काही महिन्यांत सांधा आखडतो आणि तसाच राहतो. वेळेवर मिळालेले दोन लाख अशा माणसाचा गुडघा वाचवू शकतात. चार वर्षांनी व्याजासकट मिळालेली त्याहून मोठी रक्कम तो परत वाकवू शकत नाही.

आणि कायदाही आता तडजोडीच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यातली 2019 ची दुरुस्ती दाव्यांच्या बाबतीत 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम 149 मुळे तुमचे पद निर्माण झाले. अपघाताची माहिती मिळाल्यावर कंपनीने अधिकारी नेमायचा, त्याने तीस दिवसांत तपशील देऊन न्यायाधिकरणापुढे तडजोडीची ऑफर ठेवायची. जखमीने ती मान्य केली तर न्यायाधिकरण तशी नोंद करते, आणि त्या नोंदीपासून जास्तीत जास्त तीस दिवसांत तुम्ही पैसे द्यायचे. नाकारली तर सुनावणीची तारीख लागते, हक्क कुठेही जात नाही. सोबतच्या नियमांत पोलिसांनाही वेळा घालून दिल्या आहेत: पहिला अहवाल 48 तासांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत, तपशीलवार अहवाल 90 दिवसांत. डिसेंबर 2022 मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी साखळी देशभर नीट राबवावी असे निर्देश दिले. खटल्याच्या फेऱ्यांत न अडकता जखमी माणसाला पैसे मिळावेत यासाठी यापेक्षा बरी रचना आपल्याकडे याआधी नव्हती.

तरी माझ्या टेबलावरचा पेशंट विचारतोच, घेऊ का?

मृत्यूच्या दाव्यात तीस दिवसांत हिशेब मांडता येतो. वय ठरलेले असते, कमाईचे पुरावे असतात, अवलंबून असलेली माणसे मोजता येतात. जखमीचे तसे नसते. त्याच्या नुकसानीचा मोठा भाग अजून घडायचा असतो. नडगीचे हाड जुळायला चार ते सहा महिने सहज लागतात, जखम उघडी असेल तर त्याहून जास्त, आणि काही वेळा ते जुळतच नाही आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागते. मांडीच्या हाडाची मान मोडली असेल तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. एक्स-रेवर सगळे ठीक दिसत असताना वर्ष-दीड वर्षाने गोळा खचायला लागतो आणि सांधा बदलण्याची वेळ येते.

मोटारसायकलवरून खांद्यावर आपटलेल्या तरुणांची गोष्ट तर आणखी बिकट असते. मान आणि खांदा एकमेकांपासून ताणले जातात आणि हातात जाणाऱ्या नसांचे जाळे फाटते. नस परत वाढते ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. मानेपासून तळहातापर्यंतचे अंतर तुम्हीच मोजून पाहा. तिथवर नस पोचेपर्यंत दोन वर्षे जातात, आणि नसेशिवाय तेवढा काळ राहिलेला तळहाताचा स्नायू तोवर कामातून गेलेला असतो. अशा मुलाला तिसऱ्या महिन्यात "फायनल" आकडा सांगणे म्हणजे काय, याचा विचार करा. कोपर वाकेल की नाही हे त्याला माहीत नाही, मला माहीत नाही, त्याच्या सर्जनलाही माहीत नाही. मग तुमच्या आकड्यात ते कुठून आले?

डोक्याच्या माराबद्दल एवढेच सांगते की सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे माणूस पूर्वीसारखा झाला असे नसते. विसरणे, चटकन चिडणे, हिशेबात चुकणे हे घरच्यांना कळते, तेही तो कामावर परत गेल्यावर.

म्हणून पहिली विनंती. शरीर अजून सावरत असेल तेव्हा झालेला उपचारखर्च आणि बुडालेली कमाई यांचा हिशेब आधी करा आणि तेवढे पैसे संमतीने मोकळे करण्याचा प्रस्ताव न्यायाधिकरणापुढे ठेवा. कायमच्या अपंगत्वाचा भाग सर्जनने "आता यापुढे फारसा बदल होणार नाही" असे लिहून दिल्यावर ठरवा. सगळे एकाच सहीत उरकण्याचा आग्रह जखमीच्या मुळावर येतो.

यात जखमींनीही एक ध्यानात ठेवायला हवे, म्हणून इथेच सांगते. दुरुस्तीनंतर दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करण्याची अट कायद्यात आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या आव्हानाच्या भरवशावर कोणी बसू नये. कंपनीशी तोंडी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. अर्ज वेळेत दाखल करावा, बोलणी नंतरही होतात. आणि अधिकाऱ्यांनो, "आपलं बोलणं चालू आहे, अर्जाची घाई कशाला" हे वाक्य तुमच्या कोणत्याही माणसाच्या तोंडून जखमीच्या कानावर जाऊ नये.

आता अपंगत्वाच्या टक्क्यांकडे येते, कारण माझ्या कामाचा आणि तुमच्या हिशेबाचा थेट संबंध इथे येतो.

दंडाचे हाड खांद्याजवळ मोडलेला एक रंगारी माझ्याकडे येत असे. हाड नीट जुळले होते. पण हात समोरून खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. त्या उंचीपर्यंत त्याला सगळे जमत होते: शर्टाची बटणे, जेवण, स्कूटर. रोलर घेऊन छताला हात लावायचा म्हटला की कंबर मागे वाकायची, मान एका बाजूला जायची आणि रोलर भिंतीच्या वरच्या पट्ट्यातच अडकायचा. त्याच्या प्रमाणपत्रावरचे टक्के फार नव्हते. ते चुकीचेही नव्हते, कारण ते प्रमाणपत्र खांद्याची हालचाल मोजते, रंगाऱ्याचा धंदा मोजत नाही. त्याला सांगितलेली रक्कम मात्र त्या टक्क्यांवरून काढलेली दिसत होती. "दिसत होती" म्हणते, कारण कागद नव्हता.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात केव्हाच सोडवला आहे. त्यातले उदाहरण तुम्हाला पाठ असेल. डावा हात तुटला तर शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरले जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, आणि सरकारी कार्यालयातला कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित टिकते. म्हणजे आधी माणूस काय काम करायचा ते पाहायचे, मग त्यातले काय त्याला आता जमत नाही ते पाहायचे, आणि त्यावरून कमाईचे नुकसान ठरवायचे. टक्के एका अवयवाचे आहेत की सगळ्या शरीराचे, हेही त्याच निकालात नीट पाहायला सांगितले आहे.

यातला फरक रुपयांत केवढा होतो ते एका उदाहरणाने मांडते. समजा, 34 वर्षांचा रंगारी, महिन्याची कमाई 15,000 रुपये, म्हणजे वर्षाची 1,80,000. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे 31 ते 35 वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई जितक्या पटीने धरायची तो आकडा, 16. प्रमाणपत्रावर 20 टक्के आहेत म्हणून सरळ गुणले तर 5,76,000 रुपये येतात. पण प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात भावी वाढ म्हणून 40 टक्के मिळवायचे असतात, आणि कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यातही ती वाढ धरायची असते, हे पप्पू देव यादव प्रकरणात 2020 मध्ये स्पष्ट झाले आहे. ती धरली की तेच 20 टक्के 8,06,400 रुपये होतात. आणि छताची, उंचावरची कामे गेल्यामुळे त्याची कमावण्याची क्षमता निम्मी झाली असे मानले, तर 20,16,000. तोच माणूस, तोच खांदा. या तीनपैकी कोणता आकडा तुम्ही धरलात आणि का, एवढे लिहून मागणे जास्त आहे का? तुम्हाला 20 टक्केच योग्य वाटत असतील तर तसे लिहा. तो उरलेली कामे करून तेवढेच कमावतो असे तुमचे म्हणणे असेल तर तेही लिहा. मग त्याला उत्तर देता येईल, आणि मलाही माझा अहवाल जोडता येईल.

बायकांच्या दाव्यांत हे दुखणे अजून वाढते. मनगट मोडलेल्या एका बाईंना "तुम्ही तर घरीच असता, तुमचं नुकसान काय?" असे विचारले गेले होते. प्लास्टर सहा आठवड्यांत निघते. त्यानंतर कित्येक महिने मुठीत ताकद नसते. ओला कपडा पिळता येत नाही, भरलेली बादली उचलता येत नाही, झाकण फिरत नाही. ते काम घरात दुसरे कोणीतरी करते, बहुधा शाळेतली मुलगी किंवा म्हाताऱ्या सासूबाई, किंवा पैसे देऊन बाई ठेवावी लागते. घरातल्या कामाला मोल आहे आणि ते भरपाईत धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या कीर्ती निकालात पुन्हा एकदा सांगितले. ऑफरमध्ये त्याची ओळ मी अजून पाहिलेली नाही.

तशीच न दिसणारी दुसरी ओळ सांभाळणाऱ्या माणसाची. मांडीत रॉड बसलेल्या माणसाला उठवणे, बाथरूमला नेणे, माझ्याकडे आणणे, परत नेणे हे बायको करते किंवा आई करते, आणि त्यासाठी तिची स्वतःची मजुरी बुडते. नर्स ठेवली असती तर बिल आले असते. घरच्या माणसाने केले म्हणून बिल नाही, आणि बिल नाही म्हणून हिशेबात शून्य. पुढे रॉड काढायचे ऑपरेशन, तेव्हाची रजा, रिक्षाचे भाडे, दुखणे आणि हिरावलेले आयुष्य यांचीही तीच गत होते. शेवटच्या दोन गोष्टींना पावती मिळत नाही, तरी कायद्याने त्या भरपाईचे स्वतंत्र घटक मानले आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

लोकअदालतीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. मला लोकअदालत आवडते. एका दिवसात वर्षांचा ताण संपलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. पण तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 मध्येच ते लिहिले आहे. साध्या खटल्यात न्यायाधीश चुकले तर वर दाद मागता येते. इथे सही झाली की विषय संपला. जिथे परतीची वाट नाही तिथे आत जाण्यापूर्वी सगळे दिसले पाहिजे. म्हणून लोकअदालतीत मांडायचा आकडा त्याच दिवशी पहिल्यांदा सांगू नका. निदान दोन आठवडे आधी हिशेबासकट घरी पाठवा. गर्दीत, रांग मागे उभी असताना, कुबड्यांवर तोल सावरत माणूस विचार करू शकत नाही. तो लवकर बसायला मिळावे म्हणूनही हो म्हणतो. हे मी अंदाजाने सांगत नाही, पेशंटनी मला सांगितले आहे.

कामगारांच्या भरपाईचा 1923 चा कायदा पाहा, ज्याची जागा 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्यात मालक आणि कामगार यांनी आपसात एकरकमी तडजोड केली तरी तिचा करार आयुक्तांकडे नोंदवावा लागायचा, आणि रक्कम अपुरी आहे किंवा दबाव-फसवणूक झाली आहे असे दिसले तर आयुक्त नोंद नाकारू शकायचे. शंभर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनाही कळत होते की जखमी माणूस आणि पैसे देणारा हे बोलणी करताना बरोबरीचे नसतात. मोटार अपघाताच्या तडजोडीत न्यायाधिकरण नोंद करते तेव्हा तुमचा हिशेब समोर असेल, तर त्या नोंदीला तसाच अर्थ येईल. लहान मुलांच्या बाबतीत तर पालकांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही, ते याच कारणाने.

वाहनमालक पोलीस ठाण्याबाहेर थोडी रोकड हातावर ठेवून "तक्रार नाही" असे लिहून घेतात, किंवा एखादा एजंट हॉस्पिटलच्या जिन्यात गाठून रकमेतला हिस्सा ठरवतो, हे तुमचे काम नाही, मला माहीत आहे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला किंवा रकमेत वाटा घ्यायला वकिलांना तर बार कौन्सिलच्या नियमांनीच बंदी आहे. पण या दोघांचा धंदा चालतो तो जखमीला कंपनीकडून नेमके काय मिळायला हवे हे कळत नाही म्हणून. तुमचा एक स्पष्ट कागद त्या जिन्यातल्या बोलण्याला पुरून उरेल.

तो कागद कसा असावा हेही सांगते. मराठीत, एका पानात. कमाई किती धरली आणि कोणत्या पुराव्यावर. वय आणि गुणक. भावी वाढ. अपंगत्वाचे टक्के, ते अवयवाचे की शरीराचे, आणि त्याचा त्या माणसाच्या कामावर काय परिणाम धरला. उपचारखर्च: किती बिले आली, किती मान्य, नाकारलेली कोणती आणि का. सांभाळणाऱ्याचा खर्च, पुढचे ऑपरेशन, वेदना. "तुमचीही चूक होती" म्हणून काही कापले असेल तर किती आणि पंचनाम्यातल्या कोणत्या गोष्टीवरून. एखाद्या घटकात शून्य असेल तर ओळ गाळू नका, शून्य लिहा. खाली हा कागद जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखवून मोफत सल्ला घेता येतो अशी एक ओळ छापा. स्त्रिया, मुले आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता ती मदत मिळते, आणि बहुतेकांना ते ठाऊक नसते.

यात तुमचाही वेळ वाचेल असे मला मनापासून वाटते. रकमेवरून नाराज झालेले पेशंट मी पाहते, पण "मला काही कळूच दिलं नाही" असे वाटणारे जास्त चिडलेले असतात. कोर्टात जायचे तेच आधी ठरवतात. 8 लाख का आणि 12 का नाहीत हे ज्याला समजावून सांगितले, तो निदान त्यावर बोलायला बसतो.

आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबरोबर फिजिओथेरपिस्टचा अहवाल मागवत जा. सांधा किती अंश हलतो, मूठ किती किलो दाबते, माणूस न थांबता किती चालतो, किती जिने चढतो, जमिनीवर बसून उठू शकतो का, त्याच्या कामातली कोणती हालचाल जमते आणि कोणती नाही, हे सगळे आम्ही नाहीतरी दर भेटीला मोजून फाईलमध्ये लिहीत असतो. तुम्ही मागितलेत तर तारखांसकट देऊ. माझ्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टशी मी याबद्दल बोलले आहे, ते तयार आहेत. अहवालाचा नमुना कसा हवा तेवढे कळवा.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट